आप्तपट

सुकेशनी बोलायची थांबली. मागच्या पडद्यावरचा भावाचा चेहरा विझला आणि सभागृहात टाळ्या झाल्या. बेताच्या, सभ्य टाळ्या. मग दिवे लागले आणि लोक बटाटेवड्याच्या वासाच्या दिशेने बाहेर पडले.

सुकेशनी तळभंडारे दिवसा एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी ती आपल्या धाकट्या भावावर, धम्मपालवर, बोलायची. मैलाटाकीत माणूस उतरवायचा नाही हा कायदा होऊन एक पिढी उलटली होती. शहरात त्यासाठी लांब सोंडेची यंत्रं होती. पण 'अनुराधा हाइट्स' नावाच्या सोसायटीची टाकी मागच्या अरुंद बोळात होती आणि यंत्राची गाडी त्या बोळात वळत नव्हती. छोटं यंत्र साऱ्या जिल्ह्यात एकच, त्याला नंबर लावावा लागे. म्हणून कुणीतरी धम्मपालला फोन केला. तो उतरला आणि आतल्या वायूने तिथेच गेला. कागदावर नोंद झाली ती अशी: मयत स्वतःच्या मर्जीने, कोणालाही न विचारता टाकीत उतरला. त्याला उतरवताना पाहिलेलं एकही माणूस पुढे आलं नाही.

सुकेशनीकडे भावाचे मोबाइलवरचे व्हिडिओ होते. गच्चीवर पतंग सोडवताना, भाकरीचा घास तोंडात घेऊन हसताना, मोटारसायकल पुसताना. ते जोडून तिने एक फिल्म केली होती. पडद्यावर ती चालायची आणि पुढे उभी राहून सुकेशनी बोलायची:

"चप्पल काढून उतरला माझा भाऊ,
जसे लोक देवळात शिरतात.
वर उभे होते त्यांनी नाकाला रुमाल लावला,
जसे लोक मयतीला लावतात.
अजून तो जिवंत होता, बायांनो, बापांनो,
अजून तो जिवंत होता."

त्या दिवशी वड्याची बशी हातात घेऊन एक गृहस्थ तिच्याजवळ आले. "ताई, बोलता फार छान. पण मला एक सांगा, ही माणसं मास्क का लावत नाहीत?"

सुकेशनीने काहीतरी उत्तर दिलं. घरी जाताना मात्र ती 'ही माणसं' हे दोनच शब्द मनात घोळवत राहिली.

गृहस्थांचा प्रश्न आणखी एका बाईने ऐकला होता. डॉ. ईश्वरी होनराव. मेंदू आणि दृष्टी यांवर त्यांनी बरीच वर्षं संशोधन केलं होतं आणि अलीकडे त्या फिल्मकडे वळल्या होत्या. दोन दिवसांनी त्या रक्तपेढीत सुकेशनीला शोधत आल्या. बाहेर उन्हामुळे दुपारची रस्तेबंदी होती, त्यामुळे दोघींना बोलायला निवांत वेळ मिळाला.

"तुझे शब्द कमी पडत नाहीत," ईश्वरी म्हणाल्या. "लोकांच्या डोळ्यांना तो परका वाटतो, अडचण तिथे आहे. गर्दीतून चालताना आपण शेकडो चेहरे बघतो, एकही लक्षात राहत नाही. पण त्या गर्दीत सख्खा भाऊ असला तर? तो भाऊ आहे हे कळायच्या आधीच डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. मेंदूत मागे, खालच्या अंगाला चेहरे ओळखणारा एक पट्टा आहे. आपला की परका हे तो आधी ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळवतो."

मग त्यांनी पिशवीतून एक चष्मा काढला. काड्या जरा जाड, बाकी साधाच.

"हा घालून माणूस फिल्म बघायला बसतो. सुरुवातीला आपण बाजारातली गर्दी दाखवायची. त्या गर्दीतले चेहरे यंत्र प्रत्येकाच्या चष्म्यात वेगवेगळे घडवतं. कुठल्या कपाळाला, कुठल्या जिवणीला बाहुली हलते ते काडीतला कॅमेरा टिपतो. थोड्या वेळात यंत्राला कळतं, या माणसाच्या मेंदूला 'आपला' चेहरा म्हणजे कसा चेहरा. पुढे धम्मपाल पडद्यावर आला की त्याच्या चेहऱ्यात तो थोडा मिसळायचा. दुधाला विरजण लावतो तितकाच."

"आणि बघणाऱ्याला कळतं?"

"सांगूनच चष्मा देतो आपण. पण बघताना कळत नाही. नुसतं वाटत राहतं की ह्याला आपण ओळखतो. मी त्याला आप्तपट म्हणते."

कायद्याने मृताच्या चेहऱ्याला हात लावायचा तर आईची संमती लागायची. सुकेशनीची आई रत्नमाला बचत गटात कडक भाकरी भाजायची. तव्यावरची नजर न काढता तिने सगळं ऐकलं.

"त्याचं तोंड बदलणार म्हण की."

"थोडंसं, आई. बघणाऱ्याला कळत पण नाही."

"मग कशाला बदलायचं?"

"लोकांना रडू यावं म्हणून."

रत्नमालाने भाकरी उलटली. "तुला पटतंय तर कर," ती म्हणाली आणि अंगठा टेकवला.

पहिल्या आप्तपटाला सुकेशनी नेहमीसारखी पडद्यापुढे उभी राहिली. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे तिला दिसत होते ते फक्त लोक. बाजारातली गर्दी संपली, धम्मपाल गच्चीवर आला, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा हात धरला. 'चप्पल काढून उतरला माझा भाऊ' या ओळीला कुणीतरी "नको रे" असं मोठ्याने म्हणालं. शेवटच्या ओळींपर्यंत अख्खं सभागृह हुंदके देत होतं. तिचं दुःख इतक्या माणसांनी एकदम उचलून धरलंय असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

प्रयोग संपल्यावर वड्यांकडे कुणी गेलं नाही. जो तो आवारात फोन कानाला लावून उभा होता.

"दादा, बरा आहेस ना रे? काही नाही, सहज केला."

"बंटी, जेवलास का? हेल्मेट घालून जातोस ना?"

सुकेशनीला ते फार छान वाटलं.

तेवढ्यात साठीच्या एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी तिला घट्ट मिठी मारली. "मी वैजयंती. अनुराधा हाइट्समध्ये पहिल्या मजल्यावर राहते," त्या रडत रडत म्हणाल्या. "माझी मागची गॅलरी त्या बोळावर आहे. मी पाहिलं होतं गं त्याला त्या दिवशी, बोलणंही ऐकलं होतं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी गावाला गेले होते, नंतर कुणी विचारलं नाही. मी सांगते सगळं. सोमवारी जबाब द्यायला येते."

दोन वर्षांत पहिल्यांदा साक्षीदार मिळाला होता. सुकेशनीने घरी येऊन आईला सांगितलं. त्या रात्री रत्नमाला व्यवस्थित जेवली.

सोमवारी सुकेशनी पोलीस ठाण्याबाहेर थांबली. वैजयंतीकाकू आल्या नाहीत. फोनही उचलेनात. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली.

काकूंनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. त्या टाळत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या.

"मी निघाले होते गं," त्या म्हणाल्या. "कपडे करून दारापर्यंत गेले. म्हटलं, काय सांगायचं ते एकदा मनात नीट आठवून घ्यावं. डोळे मिटले, तर टाकीच्या तोंडाशी आमचा अण्णा उभा. माझा भाऊ. तो हुबळीला असतो, पेन्शनीत आहे, ठणठणीत आहे. परत आठवलं, परत अण्णाच. मग काय बोलणं झालं तेही अण्णाच्याच आवाजात ऐकू यायला लागलं. शपथेवर काय सांगू मी?"

सुकेशनीने मोबाइलवर धम्मपालचा फोटो काढून पुढे धरला. काकूंनी आपला रोजचा चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"हा होता?" त्यांनी विचारलं. "नाही आठवत गं. खोटं कसं बोलू? कोर्टात असं म्हणाले तर तुझंच नुकसान व्हायचं."

सुकेशनी तिथून थेट ईश्वरींच्या प्रयोगशाळेत गेली. तिने सांगितलेलं ऐकून ईश्वरी खुर्चीत बसल्या.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसतो," त्या म्हणाल्या. "ती दरवेळी नव्याने घडते. आठवण काढली की ती थोडा वेळ ओली होते, नुकत्याच टाकलेल्या सिमेंटसारखी. मग पुन्हा घट्ट होते. ओली असताना तिच्यावर जे उमटेल ते तसंच राहतं. काकू त्या दिवशी सभागृहात तोच प्रसंग आठवत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी मी त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या भावाचा चेहरा ठेवला. लोक किती रडतात ते मी मोजलं. ज्यांनी खरं काही पाहिलंय त्यांचं काय होईल, हे मी मोजलंच नाही."

"खरा चेहरा परत येईल?"

"येऊही शकेल. खाली कुठेतरी तो असतो. तीच जागा असावी, खरा चेहरा असावा, आणि मध्ये यंत्र नको. पण खात्री नाही देता येणार, सुकेशनी."

याच सुमारास मुंबईहून निमंत्रण आलं. आमदारांच्या एका समितीसमोर आप्तपटाचा प्रयोग करायचा होता. समितीला पटलं तर प्रत्येक तालुक्याला छोटं यंत्र देण्याचा ठराव पुढे जाणार होता. सुकेशनीच्या मनात दोन्हीकडून ओढाताण सुरू झाली. काकूंची साक्ष गेली ती गेली. पण समिती रडली तर? एका चेहऱ्याच्या बदल्यात किती चेहरे वाचतील?

मुंबईला जायच्या आधी गावात एक प्रयोग होता. त्याला रत्नमाला आली. मुलीने सांगितलं नव्हतं, तीच रिक्षा करून आली. चष्मा घेतला, मधल्या रांगेत बसली. सुकेशनीला ती दिसली ती शेवटच्या ओळी म्हणताना. सगळे रडत होते आणि आई चष्मा हातात धरून आजूबाजूच्या लोकांकडे बघत होती.

प्रयोगानंतर रत्नमाला दाराशी उभी राहिली. डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला तिने थांबवलं.

"बाळ, कुणासाठी रडलीस?"

"त्या दादासाठी, आजी. किती वाईट झालं."

"कसा हुता गं दिसायला?"

मुलगी गोंधळली. "माझ्या मामासारखा. गोरा होता, घारे डोळे..."

"नाव काय त्याचं?"

मुलीने मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रीण म्हणाली, "सांगितलं होतं ना... काहीतरी पाल."

रत्नमालाने मग एका माणसाला विचारलं, मग आणखी एका बाईला. भुवईवर खोक होती का? माहीत नाही. पुढचा दात तुटका होता का? नाही, दात सरळ होते. फोन लागल्यामुळे ती बाई घाईने बाजूला झाली. "विनू, मी बोलतेय रे," म्हणताना तिचा आवाज पुन्हा भरून आला.

मायलेकी घरी आल्या. दार लावल्यावर सुकेशनी म्हणाली, "तुला काय दिसलं चष्म्यातनं?"

"लई देखणा पोरगा दिसला," रत्नमाला म्हणाली. "त्यात तुझा बाप हुता. माझा थोरला भाऊ हुता. धम्मा कुठंतरी तळाला हुता. मी शोधायले शोधायले, तोवर तू त्याला टाकीत घातलंस."

"आई, मुंबईत ते लोक रडले तर सगळ्या तालुक्यांना यंत्रं मिळतील. आणखी कुणाचा धम्मा जाणार नाही."

"रडतील आणि घरी फोन लावतील. आपलं माणूस नीट हाय म्हणून गार झोपतील. बघितलं की मी आज." रत्नमालाचा आवाज चढला नाही. "सुके, तो एकदा टाकीत बुडाला. आता तू त्याला ह्यांच्या माणसांच्या तोंडाखाली बुडवायलीस. त्याचं तोंड काळं, कान मोठं, भुवई फाटलेली. तसा असतानाच त्याला कुणी मरू द्यायला नको हुतं. गोरा झाल्यावर न्हाई."

सुकेशनी भिंतीला टेकून खाली बसली. आवारात फोन लावून उभ्या असलेल्या लोकांचं तिला किती कौतुक वाटलं होतं ते तिला आठवलं. त्यातल्या एकानेही तिला काही विचारलं नव्हतं. कुणी उतरवलं, कुणी फोन केला, केसचं काय झालं. पूर्वी वडा खाणाऱ्या गृहस्थांनी निदान प्रश्न तरी विचारला होता.

सकाळी तिने ईश्वरींना फोन केला. "आईने संमती काढून घेतली आहे. मीही."

"मुंबई?"

"मी येते. पण चष्मे नाहीत."

"मग ते बोलावणार नाहीत," ईश्वरी म्हणाल्या. तसंच झालं. ईश्वरी जिथे काम करत त्या संस्थेने त्यांच्याकडे खुलासा मागितला. त्यांनी वैजयंतीकाकूंबद्दलचं सगळं लिहून दिलं, स्वतःच्या यंत्राविरुद्ध. मग एका शनिवारी त्या स्वतः प्रोजेक्टर घेऊन सुकेशनीच्या दारात उभ्या राहिल्या.

तो बोळ सार्वजनिक रस्ता होता, तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. दिवेलागणीला त्यांनी प्रोजेक्टर लावला. पडदा नव्हता. अनुराधा हाइट्सच्या मागच्या गॅलऱ्यांसमोरची, बोळापलीकडची कोरी भिंतच पुढे होती, खाली टाकीचं लोखंडी झाकण. रत्नमाला झाकणाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. वस्तीतले काही लोक आले, सोसायटीतले काही खिडक्यांतून डोकावले. सेक्रेटरी खाली आले.

"हे काय चाललंय? इथे लहान मुलं राहतात."

"माझाबी इथंच हाय," रत्नमाला झाकणाकडे बघत म्हणाली. सेक्रेटरी मोबाइल काढून बाजूला झाले.

भिंतीवर धम्मपाल आला. दोन मजले उंच. भुवईवरची खोक, तुटका दात, सुटलेले कान, सगळं होतं तसं. सुकेशनीने जुन्या ओळी म्हटल्या नाहीत. त्या दिवशी ती साधंच बोलली.

"हा धम्मपाल. ह्याला तुम्ही ओळखत नाही. हा तुमचा भाऊ नाही, मामा नाही. हा भांडखोर होता. माझ्याशी तीन महिने बोलला नव्हता, मोटारसायकलवरून. ह्याला भेंडी आवडायची नाही. हा गाताना सूर चुकायचा आणि चुकला हे त्याला कळायचंही नाही. तुमच्यासारखा नव्हता हा. तरी तो मरायला नको होता."

कुणी रडलं नाही. एका खिडकीचा पडदा ओढला गेला. दोन पोरं कंटाळून निघून गेली. सुकेशनी बोलत राहिली. धम्मपाल भाकरीचा घास घेऊन हसला, मोटारसायकल पुसू लागला, आणि पुसता पुसता त्याने कपाळाचा घाम मनगटाने निपटून वर, कॅमेऱ्याकडे बघितलं.

"थांबव," पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

वैजयंतीकाकू गॅलरीत कठडा धरून उभ्या होत्या. ईश्वरींनी चित्र थांबवलं. धम्मपाल वर बघत तसाच राहिला.

"हाच," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज शाळेत हजेरी घेतात तसा स्पष्ट. "हा एकदा उतरून परत वर आला होता. कमरेपर्यंत बाहेर होता. असाच मनगटाने घाम पुसला आणि म्हणाला, साहेब, आत वास लई हाय, मशीन बोलवा. सेक्रेटरी म्हणाले, मशीनला आठवडा लागेल, पाच मिनिटांचं काम आहे, उतर. मी इथे उभी होते. अण्णा नव्हता. हा होता."

सेक्रेटरींचा हात मोबाइलसकट खाली आला. खिडक्यांमधले लोक आता भिंतीकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीकाकू जबाब द्यायला गेल्या. दहा-बारा फोटोंतून त्यांनी धम्मपालचा फोटो उचलला. आप्तपटाचं प्रकरण काढून सेक्रेटरींच्या वकिलाने त्यांना पुढे बरंच छळलं, तरी त्या हलल्या नाहीत. खटला पुन्हा उभा राहिला आणि अजून चालू आहे. 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द कागदावरून गेले. छोटी यंत्रं मात्र अजून सगळीकडे आलेली नाहीत. सुकेशनी बोळाबोळांतून बोलत फिरते. माणसं थोडी जमतात, रडतात त्याहून थोडी. पण थांबून विचारतात.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी काकूंचं बोलून झाल्यावर रत्नमाला खुर्चीवरून उठली आणि गॅलरीखाली जाऊन उभी राहिली.

"बाई," तिने मान वर करून विचारलं, "अजून काय बोलला का वो तो?"

"पाणी मागितलं," काकू म्हणाल्या. "मी वरून बाटली टाकली."

"प्यायला का?"

"प्यायला. अर्धी. मग बाटलीचं बूच लावलं आणि खालूनच वर फेकली. सरळ माझ्या हातात आली."

रत्नमाला भिंतीवरच्या त्या उंच चेहऱ्याकडे बघत राहिली.

"नेम लई चांगला हुता त्याचा," ती म्हणाली.